तुझी टाकी लागू पडली

प्रिय सुध्या,

तुझ्या टाकीची काच माझ्या टाकीला बसली. हो, तीच व्हेपची टाकी, जी त्या रात्री माझ्या टेबलावर आपटून "घे, सांभाळ तुझं म्युझियम" म्हणून तू निघून गेला होतास. हे दुसऱ्या कुणाला सांगण्यात अर्थ नाही. वैशालीला सांगितलं, तर ती म्हणाली, "बसली ना काच? मग झालं तर." म्हणून तुला लिहितोय.

बाकी इकडे ठीक. बीपी गोळीवर आहे, आईचा गुडघा जैसे थे.

झालं काय, निकोटीनचं लिक्विड भरताना टाकी हातातून निसटली आणि फरशीवर पडली. स्टीलला ओरखडासुद्धा नाही, काचेचा मात्र चुरा. कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केलंय, सुटी काच कुठून मिळणार? नंदूला कळलं, तर दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या नवा पॉड, म्हणजे बंद डबीतला तयार व्हेप, घेऊन दारात हजर. "दादा, आता तरी ते डबडं सोड." प्रेमाने आणला होता, मन मोडवेना. काचेची सोय होईपर्यंत तोच वापरला.

सुध्या, वस्तू म्हणून पॉड वाईट नाही. हलका, बटण नाही, ओढला की चालू. गळत नाही, सांडत नाही. पण थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की तो हातातून खाली ठेवलाच जात नाही. फोनवर बोलताना हातात, वाचताना हातात, रात्री जाग आली की उशीपाशी. आणि आत काय? मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमचं सॉल्ट निकोटीन. बेंझॉइक आम्ल घालून निकोटीनचा तिखटपणा मारलेला असतो, त्यामुळे घशाला काही म्हणता काही लागत नाही. आपण सुरुवात केली तेव्हाचं 18 चं लिक्विड आठव. दोन-तीन झुरक्यांत घसा म्हणायचा, बास. तू जिन्यात खोकत बसायचास आणि मोहनमामा वरून ओरडायचे, "त्यापेक्षा बिडी परवडली!" तो घसाच आपल्याला थांबवत होता रे. नव्या लिक्विडात थांबवणारं कुणी नाही.

18 वरून 12, 12 वरून 6, आणि आता कितीतरी दिवस मी 3 वर आहे. पॉडमध्ये वाफ साधारण तेवढीच, पण निकोटीन जवळजवळ सातपट. मग जुन्या मॉडवर, म्हणजे टाकीखालच्या बॅटरीच्या डब्यावर, परत आलो, तर पहिले दोन दिवस 3 च्या लिक्विडात काही दमच वाटेना. डोकं जड, चिडचिड, वैशालीशी उगाच वाद. तेव्हा खरा धसका घेतला. इतक्या वर्षांची उतरण एका गुळगुळीत डबीने चार दिवसांत मागे नेली असती.

नंदू म्हणतो, "तुला सवय आहे म्हणून जुनं आवडतं." सवयीचा प्रश्नच नाही. जुन्या यंत्राला हात लावावा लागतो, हीच त्याची खरी किंमत. अजूनही रविवारी सकाळी मी लिक्विड तापवणारी कॉइल बांधतो. 28 गेजची कंथाल तार, अडीच मिलिमीटरच्या दांडीवर सहा-सात वेढे, रोध एक ओहमच्या थोडा वर. बटण हलकेच दाबून दाबून ती मधून बाहेरच्या बाजूला सारखी लाल होते का बघायचं, कुठे एकच वेढा आधी पेटला तर चिमट्याने दाबून सारखी करायची. मग तिच्यातून लिक्विड शोषणारा कापूस. ओढताना जरा अडला पाहिजे, पण कॉइल वाकता कामा नये. टोकं तिरकी कापून खाचांमध्ये नुसती टेकवायची. जास्त कोंबला तर लिक्विड वर चढत नाही आणि कोरडा कापूस जळतो. जळक्या वासाचा तो झुरका तुला सांगायला नको. नुसती चव जात नाही, तापून फॉर्मल्डिहाइडसारखी नको ती द्रव्यं छातीत जातात. आणि कापूस कमी पडला, तर खालच्या भोकातून सगळं खिशात. हे सगळं केलं की आपण काय ओढतोय, किती ओढतोय, हे डोळ्यांसमोर राहतं. कापूस किती काळवंडला यावरून आठवडा कसा गेला ते कळतं. पॉडमध्ये कॉइल प्लास्टिकात बंद. काळवंडली की सगळं काढून फेका, नवं लावा, मोजायचं काही कारणच नाही.

आणि टाकी मॉडवर बसवायचा तो 510 चा आटा! एका छोट्याशा जुन्या मॉडेलचा आटा, त्या मॉडेलच्याच नावाने सगळ्या जगाने उचलला. म्हणून माझी टाकी कुठल्याही कंपनीच्या मॉडवर चढते, तुझी माझ्यावर, माझी तुझ्यावर. आता प्रत्येक पॉडचा साचा वेगळा. याचं त्याला चालत नाही, कंपनीने ते मॉडेल बंद केलं की चालता पॉडसुद्धा कचऱ्यात. एकदाच वापरून फेकायच्या व्हेपवर ब्रिटनने 1 जून 2025 पासून बंदी आणली, ती काय उगाच? प्रत्येकात एक लिथियमचा सेल असतो, पुन्हा चार्ज होऊ शकणारा, आणि तो एका लिक्विडपुरता वापरून फेकायचा. मला हे बघवत नाही.

एका बाबतीत मात्र नंदूचं म्हणणं मी मान्य केलं. जुना मॉड वापरायचा म्हणजे जुना सेल वापरायचा असं नाही. मॉडमधल्या माझ्या एका 18650 सेलचं वेष्टण वरच्या कडेला फाटलं होतं. नखाएवढंच, पण तिथेच तर धोका. सेलचं अख्खं डबडं ऋण टोक असतं, अगदी धन टोकाच्या कडेपर्यंत. मध्ये एक पातळ रिंग आणि ते वेष्टण, बस्स. दोन्ही सेल बाद केले, नवे ओळखीच्या ठिकाणाहून आणले, आणि ते प्लास्टिकच्या डबीतच ठेवतो, किल्ल्यांबरोबर खिशात नाही.

हे वाचून तू हसणार, माहीत आहे. "आला मास्तर." पण त्या रात्रीचं भांडण याच्यावरूनच होतं ना? तुझा तो तांब्याचा मेकॅनिकल मॉड, आत चिप नाही, फ्यूज नाही, आणि वर दोन दशांश ओहमची कॉइल. मी कागदावर मांडून दाखवलं होतं, 4.2 भागिले 0.2 म्हणजे 21 अँपिअर, आणि तुझा सेल 20 चा. तू म्हणालास, "एका अँपिअरने काय होतं?" माझं मत आजही तेच आहे, आणि तो मॉड तू विकलास याचा मला आजही आनंद आहे. ढग मात्र तू जबरदस्त काढायचास. तसा दिवाणखाना पुन्हा कुणी भरला नाही.

आता मला काय खातंय ते सांगतो. तुझी काच ही शेवटची. रबरी रिंगा मापाने कुठेही मिळतील, तार आणि कापूस तर मिळतोच. पण ही काच फुटली, किंवा मॉडची चिप गेली, तर तेव्हा माझ्यासमोर काय असेल? पुन्हा नंदूचा पॉड, पुन्हा 20. ज्याच्या आधाराने मी सिगारेट सोडली आणि पायरी पायरी उतरत आलो, ते यंत्रच बाजारातून नाहीसं होतंय. वाफ निरुपद्रवी आहे असं मी कधीच म्हटलं नाही. कधीतरी तीही सोडायचीच होती, पण माझ्या गतीने.

वैशाली म्हणते, सुटे भाग घेऊन साठव. दोन दिवस तेच डोक्यात होतं, यादीसुद्धा केली. पण कपाट भरून ठेवलं की मी 3 वरच मुक्काम ठोकेन, हे मला माहीत आहे. त्यापेक्षा हे यंत्र धड आहे तोवर 3 वरून शून्यावर यायचं. 3 चं आणि बिननिकोटीनचं लिक्विड निम्मं निम्मं करून दीडवर आजपासून आलोय. मग पाऊण. मग नुसती वाफ, आणि मग ती पण नको.

तुझ्या बदलीचं कळलं, अभिनंदन. घर मिळालं का? चिनूचा निकाल कळव, आणि वहिनींना सांग, त्यांचं पुस्तक माझ्याकडेच आहे, हरवलेलं नाही.

हे एकट्याने करायला जमेल, पण सुरुवात दोघांनी केली होती, तर शेवटही दोघांनी करावा असं मला फार वाटतं. नंदू म्हणत होता, तूही पॉड घेतलायस. खरं आहे का? तू सध्या किती मिलिग्रॅमवर आहेस ते आकड्यात लिही, "कमी केलंय" असलं काही नको. आकडा आला की तुझ्यासाठी मिश्रणाचा हिशोब मांडून पाठवतो.

तुझा,
बंड्या