मोजणारे डॉक्टरही हवेत

इंदूरच्या मराठी घरांत मुलगी एमबीबीएस झाली की पुढचा प्रश्न ठरलेला: गायनिक की मेडिसिन? माझ्या पुतणीने साथरोगतज्ज्ञ, म्हणजे कोणता आजार कुठे, कोणाला आणि कशामुळे होतो हे मोजून शोधणारी डॉक्टर, व्हायचे ठरवले, तेही झाबुआ-अलीराजपूरच्या आदिवासींमध्ये काम करण्यासाठी. तिला चांगली शाखा मिळाली नसावी, असा नातेवाइकांनी समज करून घेतला. मला मात्र तिचा अभिमान वाटतो.

या कामाचे मोल आपल्याच भागाने पाहिले आहे. इथले भिल्ल-भिलाला मजूर गोध्र्याकडच्या गारगोटी भरडण्याच्या कारखान्यांत जात. बारीक धूळ फुफ्फुसांत बसे. गावी परतल्यावर खोकला, धाप, अंगावरचे मांस झडलेले. अनेकांना क्षयाची औषधे दिली गेली. आजार होता सिलिकोसिस. छातीचा एक्स-रे दोन्हींत फसवतो. ‘कामाला कुठे होतात? किती महिने?’ हे घरोघर विचारून नावे लिहिली गेली, तेव्हा कुठे खरे कारण पुढे आले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. माणसे तर केव्हाच गेली होती, बरीचशी ऐन तारुण्यात.

जुलै २०२३ मध्ये शहडोलहून सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ७ कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले गेले. पण तपासणीनंतर कोणत्या फळियात (पाड्यात) कोण औषधाविना राहिले, हे कोण शोधणार? प्रत्येक आदिवासी जिल्ह्यात साथरोगतज्ज्ञाचे कायम पद हवे, आणि त्याच्या हाताखाली भिली बोलणारी स्थानिक मुले-मुली नेमावीत.

– एक वाचक, रामबाग, इंदूर