मुक्तास पत्र: 'राज्याचं कोर्ट' म्हणून नाक मुरडण्याआधी

पुणे

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींच्या चेंबरमध्ये वर्षभराचं काम मिळालं, ही बातमी तू सांगितलीस, पण आवाज पडलेला होता. फेडरल, म्हणजे संघराज्याच्या कोर्टात मिळालं असतं तर बरं, हे तू बोलली नाहीस तरी ऐकू आलं. हा इथून घेऊन गेलेला समज आहे. आपल्याकडे हायकोर्टाच्या डोक्यावर दिल्ली असते आणि कलम १४१ मुळे दिल्लीचा शब्द सगळ्यांना बांधतो. तिथे मांडणी निराळी आहे. करार, अपघाताची भरपाई, जमीनजुमला, लग्न-घटस्फोट, वारसा, बहुतेक सगळे फौजदारी गुन्हे, हा राज्याचा कायदा. त्याचा अर्थ काय, हे राज्याचं सर्वोच्च न्यायालय ठरवतं आणि तिथेच विषय संपतो. संघराज्याच्या कायद्याचा किंवा घटनेचा प्रश्न असेल तरच वॉशिंग्टनला, म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला, त्यात हात घालता येतो.

नावांचा घोळ तेवढा आधी निस्तरून ठेव. न्यूयॉर्कमध्ये 'सुप्रीम कोर्ट' हे सुनावणीचं, म्हणजे खालचं कोर्ट आहे. तिथलं सर्वांत वरचं ते 'कोर्ट ऑफ अपील्स'. टेक्सास आणि ओक्लाहोमात शिखरावर दोन कोर्टं आहेत, दिवाणीसाठी एक, फौजदारीसाठी एक. कॅलिफोर्नियात सरळ आहे: सात न्यायमूर्ती, एक कोर्ट.

या पदावरच्या माणसाचं आयुष्य कसं असतं हे समजून घ्यायचं, तर रॉजर ट्रेनर यांच्यापासून सुरुवात कर. जन्म १९०० चा, यूटामधल्या पार्क सिटी या चांदीच्या खाणींच्या गावात, आयरिश स्थलांतरितांच्या घरी. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात आले, राज्यशास्त्राची डॉक्टरेट आणि कायद्याची पदवी दोन्ही तिथेच मिळवल्या आणि तिथेच शिकवू लागले. विषय कर. १९३० नंतरच्या मंदीत राज्याची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या नव्या करव्यवस्थेच्या उभारणीत त्यांचा मोठा हात होता. १९४० साली कोर्टात गेले ते थेट सर्वोच्च न्यायालयात. त्याआधी न्यायाधीशाच्या खुर्चीवर एक दिवसही बसलेले नव्हते. गव्हर्नर ओल्सन यांनी आधी त्यांचेच सहकारी प्राध्यापक मॅक्स रेडिन यांचं नाव दिलं होतं. नेमणुकीला मंजुरी देणाऱ्या तीन जणांच्या आयोगाने ते फेटाळलं, मग ट्रेनर यांचं नाव आलं. त्या आयोगावर राज्याचे ॲटर्नी जनरल म्हणून अर्ल वॉरन बसले होते. हे नाव डोक्यात ठेव, पुढे लागेल.

ट्रेनर तिथे १९७० पर्यंत राहिले, १९६४ पासून मुख्य न्यायमूर्ती. नऊशेहून जास्त निकालपत्रं लिहिली. ती सगळी वाचायची नाहीत. पण चार-पाच मात्र पेन्सिल घेऊन वाच.

पहिलं १९४४ चं, एस्कोला. उपाहारगृहातली वेट्रेस पेटीतून कोका-कोलाच्या बाटल्या काढून फ्रीजमध्ये ठेवत होती. तीन ठेवल्या. चौथी पेटीपासून जेमतेम अठरा इंच उचलली आणि ती हातात फुटली. पाच इंचांची खोल जखम झाली. बहुमताने तिच्या बाजूने निकाल दिला, पण जुन्या वाटेने: निष्काळजीपणाशिवाय अशी बाटली फुटत नाही, म्हणून निष्काळजीपणा गृहीत धरा. ट्रेनर निकालाशी सहमत होते, कारणाशी नव्हते. त्यांनी वेगळं मत लिहिलं. कारखान्यात काय चुकलं हे जखमी माणसाने शोधत बसायचं कशाला? माल सदोष होता आणि त्याने इजा झाली, एवढ्यावर उत्पादक जबाबदार धरा. नुकसानीचा खर्च विम्यातून आणि किमतीतून त्यालाच वाटून घेता येतो, गिऱ्हाइकाला नाही. त्यांच्याबरोबर कोणी सही केली नाही.

एकोणीस वर्षं ते मत तसंच पडून होतं. मग १९६३ साली ग्रीनमन आलं. एका गृहस्थाला बायकोने नाताळात शॉपस्मिथ नावाचं सुतारकामाचं यंत्र भेट दिलं होतं. लेथवर काम करताना लाकूड उडून कपाळावर बसलं, कारण ते धरून ठेवणारे स्क्रू अपुरे होते. कंपनीचा बचाव नमुनेदार होता: वॉरंटी मोडल्याची नोटीस साडेदहा महिन्यांनी आली, म्हणजे उशिरा आली. ट्रेनर यांनी लिहिलं की हा वॉरंटीचा मामलाच नाही, ही कायद्याने लादलेली जबाबदारी आहे. तेव्हा नोटिशीचा प्रश्नच उरत नाही. ६५,००० डॉलरची भरपाई कायम झाली, आणि या वेळी सगळं कोर्ट त्यांच्याबरोबर होतं. पुढे बहुतेक राज्यांनी हे तत्त्व घेतलं. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'उत्पादन दायित्वा'चं प्रकरण आलं, त्याचं मूळ याच विचारात सापडेल.

बारकावा लक्षात घे. एस्कोलात बाई तशीही जिंकली होती. गप्प राहून सही केली असती तर कोणी विचारलं नसतं. पण त्या मताने पुढच्या वकिलांना तयार युक्तिवाद मिळाला. तुमच्या चेंबरमध्ये 'सहमतीचं स्वतंत्र मत लिहायचं का' हा प्रश्न दर महिन्याला येईल. बहुतेक वेळा उत्तर 'नको' हेच बरोबर, कारण स्वतंत्र मतांचा पसारा झाला की खालच्या कोर्टांना नेमका नियम कोणता तेच कळत नाही. लिहायचं तेव्हाच, जेव्हा पुढच्या वकिलाच्या हातात देण्याजोगा पूर्ण नियम आपल्याकडे असतो. नुसती नाराजी असेल तर नको.

दुसरं, १९४८ चं पेरेझ विरुद्ध शार्प. गोऱ्यांचं कृष्णवर्णीय, 'मंगोलियन' किंवा 'मलय' वंशाच्या माणसाशी लग्न कॅलिफोर्नियाच्या कायद्यात निषिद्ध होतं. यादीत 'हिंदू' हा शब्द नव्हता. म्हणून इंपीरियल व्हॅलीत शेती करायला गेलेल्या पंजाबी पुरुषांना लग्नाचा परवाना मिळणार की नाही, हे काउंटी क्लार्क, म्हणजे जिल्ह्याचा नोंदणी अधिकारी, त्यांच्या कातडीचा रंग पाहून ठरवायचा. त्यातले कित्येक मेक्सिकन बायकांशी लग्न करून राहिले, कारण क्लार्कच्या डोळ्याला दोघांचा रंग एकच दिसे. पेरेझमध्ये कोर्टाने चार विरुद्ध तीन मतांनी तो कायदा रद्द केला. ट्रेनर यांनी दोन पायांवर उभं राहून लिहिलंय: एक, समान संरक्षण; दोन, मिश्र वंशाचा माणूस कुठल्या खान्यात घालायचा हे कायदा सांगतच नाही, म्हणजे तो संदिग्धही आहे. चौथं मत मिळालं ते धर्मस्वातंत्र्याच्या वेगळ्याच कारणावर. बहुमत असं बांधावं लागतं, विटेला वीट जुळेलच असं नाही.

तोच मुद्दा वॉशिंग्टनला पोचायला पुन्हा एकोणीस वर्षं लागली. १९६७ च्या लव्हिंग खटल्यात देशभरचे असे कायदे गेले आणि तळटिपेत नोंद आहे की हे ओळखणारं पहिलं राज्य-न्यायालय कॅलिफोर्नियाचं. ते निकालपत्र लिहिणारे सरन्यायाधीश कोण? अर्ल वॉरन.

ड्रेनन (१९५८) मात्र तुला लगेच कळेल, कारण आपला १८७२ चा करार कायदा तुझा पाठ आहे. शाळेच्या बांधकामाचं टेंडर होतं. फरसबंदीच्या ठेकेदाराने फोनवर ७,१३१.६० डॉलरचा भाव दिला. मुख्य कंत्राटदाराने तो धरून आपली बोली लावली आणि काम मिळवलं. दुसऱ्या दिवशी फरसबंदीवाला म्हणाला, आकडा चुकला, १५,००० च्या खाली जमणार नाही. कंत्राटदाराने हिंडून १०,९४८.६० मध्ये दुसरा गाठला. आपल्या कलम ५ प्रमाणे स्वीकृती रवाना होईपर्यंत प्रस्ताव मागे घेता येतो. जुना अमेरिकी नियमही तोच. ट्रेनर यांनी ठरवलं की कंत्राटदार त्या भावावर विसंबून बोली लावणार हे समोरच्याला ठाऊक होतं, तेव्हा वाजवी वेळ तो भाव मागे घेता येणार नाही. भरपाई नेमक्या फरकाची, ३,८१७ डॉलर. निकालपत्रात आकडे कसे मांडावेत याचा हा उत्तम धडा आहे. वाचणारा स्वतः वजाबाकी करून पाहतो आणि त्याला पटतं.

आता रोजच्या कामाबद्दल.

तुझ्या टेबलावर सर्वांत जास्त येतील ते पिटिशन फॉर रिव्ह्यू, म्हणजे खालचा निकाल तपासायला घ्या असे अर्ज. कोर्ट ऑफ अपीलचा (कॅलिफोर्नियात हे मधल्या पायरीचं कोर्ट) निर्णय ३० दिवसांनी अंतिम होतो आणि त्यानंतरच्या १० दिवसांत हा अर्ज यायला हवा; मर्यादा ८,४०० शब्द. कोर्टाला ६० दिवस असतात, वाढवून ९०. सातांपैकी चार मतं लागतात. दर बुधवारी न्यायमूर्तींची बैठक होते. त्याआधी प्रत्येक अर्जावर मेमो जातो आणि यादी दोन भागांत असते: 'ए' मधल्या अर्जांवर चर्चा, 'बी' मधले कोणी हरकत घेतली नाही तर नामंजूर. तुझ्यासारखे चेंबरमधले नवे संशोधक इथे एक चूक हमखास करतात. खालचा निकाल चुकलाय का, याचाच काथ्याकूट करत बसतात. प्रश्न तो नसतो. अपील कोर्टांत एकाच मुद्द्यावर फाटाफूट आहे का, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न ठरवायचा आहे का, आणि या खटल्यात तो स्वच्छ वर येतो का, एवढंच पाहायचं. वस्तुस्थितीचा गुंता असलेला किंवा खाली मुद्दा नीट न उठवलेला खटला म्हणजे खराब वाहन, त्यातून मुद्दा नीट ठरवता येत नाही. मुद्दा कितीही मोठा असला तरी तो घेऊ नये.

अर्ज मंजूर झाला की मुख्य न्यायमूर्ती, मंजुरीच्या बाजूने मत दिलेल्यांपैकी एकाकडे खटला सोपवतात. त्या चेंबरमधून 'कॅलेंडर मेमो' निघतो. नाव मेमो, पण तो निकालपत्राचा जवळजवळ पूर्ण मसुदाच असतो. बाकीचे सहा न्यायमूर्ती आपापला प्राथमिक अभिप्राय लेखी देतात, आणि बहुमत दिसू लागलं की मगच युक्तिवादाची तारीख लागते. हे उलटं वाटेल. कारण राज्यघटनेत आहे: एखादा खटला निर्णयासाठी राखून ठेवल्यावर ९० दिवसांत निकाल दिला नाही, तर न्यायाधीशाला पगार घेता येत नाही. घड्याळ युक्तिवादानंतर सुरू होतं, म्हणून सगळी मेहनत युक्तिवादाच्या आधीच उरकून ठेवतात. फायदा उघड आहे. आपल्याकडे राखून ठेवलेल्या निकालांची वाट बघणाऱ्यांना विचार. तोटा असा की वकील उभा राहतो तेव्हा मतं बरीचशी घट्ट झालेली असतात. म्हणून कॅलेंडर मेमोत विरुद्ध बाजू तिच्या पुऱ्या ताकदीने मांड. तिथे गाळलेला मुद्दा युक्तिवादात क्वचितच परत उभा राहतो.

दुसरी काळजी: निकाल राज्याच्या घटनेवर टेकवलाय की संघराज्याच्या, हे पहिल्या पानावर स्पष्ट लिही. १९८३ च्या मिशिगन विरुद्ध लाँग पासून, हे संदिग्ध राहिलं तर वॉशिंग्टन ते संघराज्याच्या कायद्यावर आहे असं धरतं आणि खटला उचलू शकतं. राज्यघटनेचा शब्द किती कामाचा असतो ते १९७२ च्या अँडरसनमध्ये पाहा. संघराज्याच्या घटनेत शिक्षा 'क्रूर आणि असाधारण' नसावी असं आहे, कॅलिफोर्नियात 'क्रूर किंवा असाधारण'. त्या 'किंवा'चा आधार घेऊन कोर्टाने राज्यातली फाशी रद्द केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मतदारांनी घटनादुरुस्ती करून ती परत आणली.

मतदार हा या पदाचा कायमचा शेजारी आहे. आपल्या हायकोर्टाच्या न्यायमूर्तींना कॉलेजियम निवडतं, ६२ व्या वर्षी निवृत्त व्हावं लागतं, बदली दुसऱ्या राज्यात होऊ शकते. पण मत मागावं लागत नाही. कॅलिफोर्नियात गव्हर्नर नाव देतो. निदान दहा वर्षं वकिली किंवा न्यायाधीशी झालेली हवी. बार, म्हणजे वकिलांची संस्था, त्या नावाची गुप्त चौकशी करून प्रतवारी देते, मग तीन जणांचा तो जुनाच आयोग जाहीर सुनावणी घेतो. पुढच्या गव्हर्नर-निवडणुकीत मतपत्रिकेवर नाव येतं, फक्त 'हो' किंवा 'नाही'. पूर्ण मुदत १२ वर्षांची. वर्षानुवर्षं सगळ्यांना 'हो' मिळायचं. १९८६ ला रोझ बर्ड, क्रूझ रेनोसो आणि जोसेफ ग्रोडिन हे तिघे एका दिवसात घरी गेले. बर्ड या त्या कोर्टाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती. त्यांच्यासमोर फाशीची ६१ प्रकरणं आली आणि प्रत्येकात त्यांनी फाशी उलटवण्याच्या बाजूने मत दिलं होतं. ओटो कॉस या न्यायमूर्तींनी या दडपणाला बाथटबमधल्या मगरीची उपमा दिली होती: न्हाणीघरात गेल्यावर तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही म्हटलं तरी ती तिथे असतेच. इतर काही राज्यांत तर सरळ लढत असते, टेक्सासमध्ये पक्षाच्या नावासकट. ही पद्धत मला पसंत नाही. पण कॉलेजियमच्या बंद दाराचं मी कौतुक करायला गेले तर तूच हसशील.

एक राहिलं. १९४२ च्या गोन्झालेस खटल्यात पोलिसांनी बेकायदा मिळवलेला पुरावा चालेल, असं बहुमताचं निकालपत्र आहे. १९५५ च्या केहनमध्ये, लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी घरांत चोरून मायक्रोफोन बसवले होते. तिथे चार विरुद्ध तीन मतांनी असा पुरावा बाद ठरला. कारण दिलंय की पोलिसांना आवरायचे बाकीचे उपाय पूर्ण फसले. देशभर तोच नियम व्हायला १९६१ उजाडलं. दोन्ही निकालपत्रं शेजारी शेजारी ठेवून वाच, कॅलिफोर्निया रिपोर्ट्सची दुसरी मालिका, खंड २० पान १६५ आणि खंड ४४ पान ४३४. दोन्हींच्या वर लेखकाचं नाव एकच आहे, ट्रेनर.

वाचून झालं की रविवारी सकाळी फोन कर. बाबा तेव्हा मंडईत जातात, निवांत बोलता येईल.

तुझी,
आई