काका, ते काळे ठिपके आता ओळखू येतात

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

उंदराच्या मेंदूतल्या पोकळीचं अस्तर, म्हणजे एपेन्डायमा, आणि त्यावरून जाणारे सेरोटोनिनचे (मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन) बारीक मज्जातंतू अखेर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या फोटोत नीट दिसले. मिरजेहून दोन शनिवार सांगलीला आलात, त्याबद्दल मनापासून आभार.

आम्ही खापर मायक्रोस्कोपवर फोडत होतो. तुम्ही मात्र काळपट, आकसलेले न्यूरॉन (मेंदूच्या मज्जापेशी) बघताच विचारलंत, ‘‘मेंदू कवटीतून कधी काढला?’’ आम्ही म्हणालो, ‘‘लगेच!’’ तिथंच घोळ होता. ताज्या मेंदूला चिमट्याचा जरा दाब बसला तरी न्यूरॉन काळवंडतात. आता मेंदू आतल्या आत घट्ट व्हावा म्हणून बाटली 120 सेंमी उंच टांगतो, हृदयात बसवलेल्या सुईतून सलाईननं रक्त धुऊन पेशी टिकवणारं द्रावण, 2 टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड आणि 2.5 टक्के ग्लुटाराल्डिहाइड, सोडतो (फॉस्फेट बफर 0.1 मोलर, पीएच 7.4). यकृत फिकं पडलं नाही, तर सुई नीट बसलेली नाही. नंतर मेंदू न काढता डोकं तसंच रात्रभर 4 अंशांवर.

पोकळीच्या बाजूला ब्रश लावायचा नाही, हे तर आम्हाला ठाऊकच नव्हतं. ते तंतू सिलियांच्या (अस्तरावरच्या केसांसारख्या बारीक धाग्यांच्या) मधूनच पसरलेले असतात, ब्रशनं पुसले जातात. तुकडा 1 मिमीपेक्षा जाड नको, नाहीतर ऑस्मियम (पेशी टिकवून गडद करणारं रसायन) आतपर्यंत पोचत नाही. तुकडा रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकसारख्या द्रवात) बसवताना साच्यात अस्तर उभं ठेवायचं, म्हणजे काप आडवा-तिडवा जात नाही.

सगळ्यात मोठा उपकार लेड सायट्रेटच्या, म्हणजे काप रंगवायच्या शिशाच्या द्रावणाच्या, बाबतीतला. ग्रिडवरचे (काप ठेवायच्या बारीक जाळीवरचे) गोल काळे ठिपके आम्ही तंतूंमधल्या पुटिका (रसायन साठवणाऱ्या इवल्या पिशव्या) समजून मोजत होतो! तुम्ही बोट ठेवलंत ते पोकळीच्या रिकाम्या जागेवर. तिथंही ठिपके. पेशीच नाही तिथं पुटिका कुठून येणार? आपल्याच श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनं बनलेला लेड कार्बोनेट. आता पेट्री डिशमध्ये आधी कार्बन डायऑक्साइड शोषायला सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या, झाकण अर्धंच उघडायचं, लेड सायट्रेटच्या थेंबावर श्वास सोडायचा नाही, ग्रिड त्यावर 5 मिनिटं, आणि धुवायला उकळून गार केलेलं डिस्टिल्ड वॉटर.

पावसाळ्यात रेझिनचं दमट हवेनं वाटोळं होतं, म्हणून बाटली फ्रिजमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडत नाही.

तुमची पापणीचा केस चिकटवलेली काडी अजून आमच्याकडेच आहे. कापांची पट्टी पाण्यावर सरकवायला तिच्याइतकं हलकं दुसरं काही मिळालं नाही. पुढच्या शनिवारी परत करतो. तोवर एक आमचीही करून ठेवतो.

आपले,
प्रयोगशाळेतले सगळे, सांगली