‘तुम्ही चालवा, मी ऐकतो’ म्हणणाऱ्या मेकॅनिक काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

परवा रात्री मानपाड्याच्या पुलावर काटा ५५ वर गेला आणि सवयीने माझे हात स्टिअरिंगवर आवळले गेले. साडेतीन महिने तिथेच, त्याच वेगाला ती थरथर यायची. परवा आली नाही. पातलीपाडा गेलं, वाघबीळ गेलं, तरी नाही. कासारवडवलीला बिल्डिंगखाली गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि तशीच बसून राहिले. डोळे भरून आले होते. तुम्हाला फोन लावायला घेतला, पण माझा दाटलेला आवाज ऐकून ‘काय झालं ताई, परत सुरू झालं का?’ म्हणून तुम्हीच काळजीत पडला असतात. म्हणून लिहिते आहे. आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण माझ्यासारखी किल्ली हातात घेऊन या काउंटरवरून त्या काउंटरवर फिरणारी माणसं ठाण्यात आणि नवी मुंबईत पुष्कळ असणार.

तुम्ही कधी विचारलं नाहीत, तरी सांगते. ही गाडी मी हौसेने घेतलेली नाही. २०२२ साली स्कूटरवरून पडले आणि डाव्या घोट्यात प्लेट बसली. चालता येतं, पण ठाणे स्टेशनचे जिने रोज दोनदा केले की संध्याकाळी घोटा सुजून येतो. नोकरी महाप्याला. क्लचची गाडी नको, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. नवी ऑटोमॅटिक आवाक्यात नव्हती. म्हणून २०२१ ची, ४१ हजार किलोमीटर चाललेली, सहा गिअरची ऑटोमॅटिक घेतली. ७ लाख ९० हजार. चार लाखांचं कर्ज, बाकीचे माझे साठवलेले, आणि कमी पडले तेवढे आईने एफडी मोडून दिले. ती एफडी कशासाठी होती हे मला माहीत आहे, म्हणून गाडी थरथरली की पोटात खड्डा पडायचा.

विकणाऱ्यांनी हार घालून फोटो काढला, पेढा भरवला, तपासणीचे चार रंगीत कागद दिले आणि इंजिन-गिअरबॉक्सला सहा महिन्यांची वॉरंटी आहे असं छातीठोकपणे सांगितलं. अकराव्या दिवशी सुरुवात झाली. रस्त्यावर पांढऱ्या पट्ट्यांचे रम्बलर असतात ना, त्यांच्यावरून गेल्यासारखं, दोन-तीन सेकंद. मग काहीच नाही. दाखवायला गेले तर तिथला मुलगा म्हणाला, ‘मॅडम, ऑटोमॅटिक पहिल्यांदाच चालवताय का?’ मी हटून बसले तेव्हा वॉरंटीच्या कागदावरची बारीक अक्षरं पुढे केली: घर्षणाने झिजणारे भाग यात येत नाहीत. गाडी विकताना त्या ओळीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तीनदा गाडी ठेवली. रात्रभर उभी राहून थंडगार झालेली गाडी सकाळी कुणीतरी एक चक्कर मारून आणायचं आणि जॉब कार्डवर लिहायचं, ‘दोष आढळला नाही.’ दुसऱ्या खेपेला गिअरबॉक्सचं ऑइल बदललं, ११,४०० रुपये. चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी ऐरोलीच्या पुढे पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला एकदम पूर्ण गिअरबॉक्सचं एस्टिमेट, १,८४,००० रुपये. कंपनीची वॉरंटी संपली आहे म्हणे. नक्की काय बिघडलंय, असं मी विचारलं, तर म्हणाले, ‘घरातल्या कुणाला तरी घेऊन या, त्यांना समजावून सांगतो.’ भावाला घेऊन गेले. त्याला गाडी चालवता येत नाही. तरी ते सगळं त्याच्याकडे बघून बोलत होते, आणि तो दर वाक्याला माझ्याकडे बघत होता. त्याचा राग मला अजून आहे. एस्टिमेटपेक्षा जास्त.

तुमचा नंबर आमच्या ऑफिसची कॅब चालवणाऱ्या दादांनी दिला. फोनवर तुम्ही तीनच गोष्टी विचारल्यात. गाडी गरम असताना होतं की थंड? किती वेगाला? पाय दाबल्यावर, की नुसता टेकवलेला असताना? तिन्ही उत्तरं माझ्याकडे तयार होती. इतक्या दिवसांत ती कुणी मागितलीच नव्हती. तुम्ही म्हणालात, ‘मग गाडी थंड होऊ देऊ नका. महाप्याहून सुटलात की थेट वागळेला या. साडेनऊनंतर या, घोडबंदर जरा मोकळा मिळेल.’

त्या रात्री विटाव्याच्या रेल्वे पुलापाशी बराच वेळ अडकले. एरवी जीव गेला असता, त्या दिवशी बरं वाटलं, गाडी चांगली तापत होती. वागळे इस्टेटच्या त्या मागच्या गल्लीत पोचले तेव्हा बाकीची शटरं पडली होती. तुम्ही एका टेम्पोच्या खाली होतात. चिंधीला हात पुसत बाहेर आलात. मी किल्ली पुढे केली. हेच करायची सवय लागली होती: किल्ली द्या, काचेपलीकडच्या खुर्चीत बसा, नाव पुकारलं की या. तुम्ही किल्ली घेतलीच नाहीत. ‘राहू द्या तुमच्याकडे. गाडी तुमची, ती कधी काय करते ते तुम्हाला ठाऊक. तुम्ही चालवा, मी ऐकतो.’

काका, यानंतर तुम्ही जे केलंत त्याने माझे पावणेदोन-दोन लाख वाचले. त्याचे आभार आहेतच. मनात बसलं ते हे वाक्य. मला भास होत नाहीत, मी काहीतरी खरं सांगते आहे, हे तुम्ही गाडीला हात लावायच्या आधीच धरून चालला होतात. अहो, गेले काही दिवस मला स्वतःलाच शंका यायला लागली होती. आईला गाडीत बसवून विचारायचे, ‘आता जाणवलं का?’ आणि ती बिचारी म्हणायची, ‘रस्ताच तसा आहे गं.’

आपण निघालो. तुम्ही एसी बंद करायला सांगितलात, काचा वर घ्यायला लावल्यात. बाजूच्या सीटवर बसून उजवा तळहात गिअरच्या दांडीपाशी सपाट टेकवलात आणि डोळे मिटलेत. नाडी बघतात तसे. कापूरबावडी मागे पडली, मेट्रोचे खांब सुरू झाले. मानपाड्याच्या पुलावर मी म्हटलं, ‘आता.’ तुम्ही मान हलवलीत. डोळे उघडले नाहीत, एक शब्द बोलला नाहीत. तरी मला खांद्यावरचं ओझं कुणीतरी दुसऱ्या बाजूने उचलल्यासारखं झालं.

दुसऱ्या फेरीला डॅशबोर्डखाली स्कॅनर लावलात, टॅब मांडीवर. तिसऱ्या फेरीला म्हणालात, ‘आरशात बघा, मागे कुणी नाही ना? उजवा पाय आहे तिथेच राहू द्या. डाव्या पायाने ब्रेकला नुसतं शिवायचं, मागचा लाल दिवा लागण्यापुरतं.’ मी म्हटलं, डाव्या पायात प्लेट आहे. ‘मग तर बरंच झालं, जपून टेकवाल.’ थरथर सुरू झाली, मी पाय टेकवला, आणि ती तिथल्या तिथे थांबली. पाय उचलला, चार सेकंदांनी पुन्हा. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. क्लच दाबायचा नाही म्हणून बाजूला पडलेल्या माझ्या पायाने गाडीचं दुखणं शोधून दिलं. तुम्ही तेव्हा ‘शाबास’ म्हणालात, ते मी घरी जाऊन आईला सांगितलं.

मग गॅरेजवर टायरवर बसवून समजावून सांगितलंत. ‘बादलीतल्या पाण्यात हात गरागरा फिरवला की आत तरंगणारा तांब्याही फिरायला लागतो. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे तेच, पाण्याच्या जागी ऑइल. इंजिनचा हात, गिअरबॉक्सचा तांब्या. पण तांब्या थोडा मागे राहतो. म्हणून गाडी एका लयीत चालायला लागली की आतला एक क्लच दोघांना घट्ट धरतो. तुमचा तो धरतो, सुटतो, धरतो, सुटतो. ब्रेकला पाय लागला की गाडी आपणहून त्याला मोकळं सोडते, म्हणून थरथर थांबली. इंजिन मिसिंग करत असतं, म्हणजे मधेच ठोका चुकवत असतं, नाहीतर फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरी पायांवर बसतं ते, गेलं असतं, तर ब्रेकला शिवून ती थांबली नसती.’ टॅबवर आकडे दाखवलेत. तो क्लच धरलेला असताना दोन्हीकडचे फेरे जवळजवळ सारखे हवेत, तिथे सत्तर-ऐंशीचा फरक नाचत होता. मी विचारलं, मग सर्व्हिस सेंटरच्या मशीनमध्ये बिघाडाचा कोड का नाही आला? तुम्ही म्हणालात, एका मर्यादेबाहेर गेल्याशिवाय कोड पडत नाही, पण कोड नाही म्हणजे आजार नाही असं थोडंच असतं.

मी लगेच विचारलं, तुम्ही किती घ्याल दुरुस्तीचे? ‘मी नाही उघडणार. बाहेर उघडला की ते म्हणतील, छेडछाड केली. आधी बघू, दुसऱ्या कुणाच्या पदरात बसतं का.’ आणि मग तो प्रश्न, जो विकणाऱ्यांनीही विचारला नाही आणि कंपनीच्या लोकांनीही: पहिल्या मालकाने एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली होती का? कंपनीची वॉरंटी गाडीच्या चॅसी नंबरवर असते, मालक बदलला म्हणून ती आपोआप मरत नाही, फक्त नावावर करून घ्यावी लागते, हे मी तुमच्याकडून पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्या दिवशी चॅसी नंबर देऊन चौकशी केली. पहिल्या मालकाने पाचव्या वर्षापर्यंतची घेऊन ठेवली होती. जिवंत होती. ज्या सर्व्हिस सेंटरने मला १,८४,००० चा कागद दिला, त्यांनी तोच नंबर तीन वेळा स्वतःच्या कॉम्प्युटरवर टाकला होता.

पुढचे कागद, नावबदल, त्यांची तपासणी, हे इथे लिहीत बसत नाही. नवी मुंबईतल्या दुसऱ्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेले आणि त्या रात्री तुम्ही काढलेला व्हिडिओ व लिहून दिलेलं चिठोरं पुढे ठेवलं. तिथला सल्लागार भला माणूस. त्याने ते वाचलं, गाडी गरम असतानाच स्वतः शेजारी बसून आला. कन्व्हर्टर बदलला, वॉरंटीत. गिअरबॉक्सला हात लावावा लागला नाही. माझी गेली ती फक्त नावावर करून घ्यायची फी. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर मी मोबाइलमध्ये ठेवला होता, तो फिरवायची वेळ आली नाही.

वाचणाऱ्यांपैकी कुणी जुनी ऑटोमॅटिक घ्यायला निघालं असेल तर एवढं करा: गाडी चांगली तासभर तापवून मग चालवून बघा, आणि चॅसी नंबरवरून वॉरंटी विचारा. विकणाऱ्याला नाही, कंपनीला.

घोटा मोडला तेव्हाची गोष्ट आहे. एका ठिकाणी एक्स-रे उंच धरून सांगितलं होतं, ‘हाड जुळलंय, आता दुखायला नको.’ मला दुखत होतं. मग फिजिओथेरपीच्या एका ताईंनी पाय मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, ‘कुठे दुखतं ते बोटाने दाखवा.’ दाखवलं. त्यांनी तिथूनच काम सुरू केलं. आमच्या शेजारच्या शिवणवाल्या मावशी ब्लाउजचं माप घेतल्यावर विचारतात, ‘काखेत काचतं का तुला?’ अशी माणसं अजून आहेत, म्हणून आपले दिवस निभतात. ती कुठल्या जाहिरातीत दिसत नाहीत, त्यांच्याकडे काचेच्या केबिन नसतात. तुमच्याकडे तर बसायला टायर होता आणि तुमच्याकडचं पोरगं त्यावर माझ्यासाठी वर्तमानपत्र अंथरत होतं.

तुम्ही ७०० रुपये घेतलेत. मी दोन हजार दिले तर १,३०० मोजून परत केलेत आणि म्हणालात, ‘स्कॅनचे पाचशे, डिझेल तुमचंच जळलं, बाकीचे माझ्या रात्रीचे.’ तीन फेऱ्या आणि दीड तासाच्या रात्रीचे दोनशे. मी तेव्हा काही बोलले नाही, घरी गेल्यावर हिशेब लागला.

तुमचं ते चिठोरं आरसीच्या पाकिटात आहे. पाठकोऱ्या बिलावर चार ओळी: ‘गरम असताना. ५० ते ६०. हलका पाय. ब्रेकला शिवलं की बंद.’ खाली तारीख आणि ऑइलचा अंगठा. सर्व्हिस सेंटरने ते फाइलला लावायला मागितलं होतं, मी झेरॉक्स दिली.

आई तुम्हाला भेटायला यायचं म्हणतेय. नारळाच्या वड्या करणार आहे, त्या पोरासाठी वेगळा डबा. शनिवारी संध्याकाळी येऊ का? तुम्ही टेम्पोखाली असलात तर थांबू आम्ही, घाई नाही.

तुमची,
कासारवडवलीची ताई