कॅज्युअल्टीत आमच्यासाठी एक पद द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्याच कोल्हापूर जिल्ह्याचे, त्यामुळे थेट मागणीच मांडते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात पीअर सपोर्ट कार्यकर्त्याचं, म्हणजे स्वतः मानसिक आजारातून गेलेल्या आणि तशाच रुग्णांना सोबत करणाऱ्या माणसाचं, मानधनाचं पद निर्माण करा आणि पहिली नेमणूक कॅज्युअल्टीत करा.

मला स्वतःला स्किझोफ्रेनिया आहे. औषध चालू आहे, तब्येत स्थिर आहे, आणि एका छोट्या संस्थेमार्फत मी हेच काम करते. रात्री-अपरात्री एखाद्या घरावर प्रसंग आला की नातेवाईक फोन करतात. मी जाते, दवाखान्यात सोबत बसते, घरी सोडल्यावरही विचारपूस ठेवते.

मध्यंतरी एका दवाखान्यात एक बाई भिंतीला पाठ लावून फरशीवर बसली होती. भावानं दंड घट्ट धरलेला. सासू येईल त्याला "बाहेरचं झालंय" असं सांगत होती आणि वॉर्डबॉय गप बसा म्हणून ओरडत होता. मी तिच्याशेजारी फरशीवरच बसले. भावाला हात सोडायला लावला, तिला पाणी दिलं. बऱ्याच वेळानं म्हटलं, "मला बी आवाज यायचे. रातचं जास्त." तिनं पहिल्यांदा मान वर केली. "आता झोप लागती काय तुला?"

लागते म्हटलं, गोळी घेऊन लागते. मग एकेक निघत गेलं. गोळीनं अंग सुटतं काय, हात थरथरतात काय, पोरं काढून घेतात काय. इंजेक्शनच्या वेळी तिला कुणी धरावं लागलं नाही. ड्युटीवरचे डॉक्टर भले होते, पण त्यांच्यापुढं रांग होती, आणि पोरांचं तिनं त्यांना विचारलंच नसतं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा, 2018 पासून लागू. कलम 94 नुसार आणीबाणीत 72 तासांपर्यंत उपचार देता येतात. कलम 100 नुसार पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या रुग्णाला 24 तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यायचं असतं, लॉकअपमध्ये ठेवायचं नसतं. हे कागदावर आहे. पण त्या 72 तासांत रुग्णाला त्याच्याबाबत काय चाललंय, त्याचे हक्क कोणते, हे बसून कोण सांगतं? घरचे घाबरलेले असतात, पोलिसांना पुढचा कॉल असतो. चंदगडहून शंभरावर किलोमीटर प्रवास करून आलेल्या माणसाला तर आपण कुठं आलोय हेही धड कळलेलं नसतं. आणि दवाखान्यातून सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे आत्महत्येच्या दृष्टीनं सर्वांत धोक्याचे, हे डॉक्टर मंडळी आपल्याला सांगतीलच. त्या दिवसांत दारात जाणारं सध्या कुणी नाही. 14416 ही टेलिमानसची, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन 2022 पासून आहे, आम्ही स्वतः तो नंबर लोकांना देतो. पण कानात आवाज घुमत असताना फोन लावणं प्रत्येकाला जमत नाही.

हे नवं किंवा धाडसाचं काही नाही. आपल्याच देशात एआरटी केंद्रांवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रांवर, केअर कोऑर्डिनेटरचं पद एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसासाठी ठेवलंय, कारण पहिल्यांदा रिपोर्ट हातात पडलेल्या माणसाशी तोच नीट बोलू शकतो. अमेरिकेत मेडिकेडनं, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजनेनं, 2007 मध्ये राज्यांना पत्र पाठवून पीअर सपोर्टचे पैसे देण्याची वाट मोकळी केली, आणि त्यात प्रशिक्षण व देखरेखीची अट घातली. तीच अट आम्हालाही हवी. निदान, औषध, दाखल करायचं की नाही, हे डॉक्टरांचंच काम, त्यात आम्ही शिरणार नाही. मात्र आम्हाला स्वयंसेवक म्हणून फुकट राबवू नका. आज आमच्यातले कितीतरी जण एसटीच्या तिकिटापुरत्या पैशांवर हे काम ओढतात आणि घर चालेना म्हणून सोडून जातात. शिवाय आजार उलटला तर रजा मिळावी, नोकरी जाऊ नये. हे नेमणूकपत्रातच लिहा, नाहीतर लोक आजार लपवून कामावर येतील, आणि या पदावर ते अजिबात चालणार नाही.

सुरुवात कोल्हापुरात करा. जिल्ह्याच्या कॅज्युअल्टीत दोन पाळ्यांना दोन माणसं, एक स्त्री आणि एक पुरुष, आणि सोडलेल्या रुग्णांकडं जायला प्रवासभत्ता. वर्षभरानं कागदपत्रं तपासा आणि मगच इतर जिल्ह्यांचं ठरवा. आपल्या कार्यालयानं वेळ दिली तर कामाचं स्वरूप, प्रशिक्षण आणि मानधन यांचा मसुदा घेऊन आम्ही येतो. मानसोपचारतज्ज्ञही सोबत असतील.

आपली,
एक पीअर सपोर्ट कार्यकर्ती
कोल्हापूर