तक्रार पत्र: ‘बंद नाक मोकळं’ असं सांगून विकल्या जाणाऱ्या आपल्या सर्दीच्या गोळीबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार अधिकारी

दि. 24 नोव्हेंबर 2025
ता. औसा, जि. लातूर

महोदय,

मी औसा तालुक्यातल्या एका गावात आशा सेविका आहे. आपल्या कंपनीची सर्दीची गोळी आमच्या गावात वर्षानुवर्षं खाल्ली जाते. तिच्याबद्दल ही लेखी तक्रार. आपला पत्ता गोळ्यांच्या पट्टीवरून घेतला. अक्षरं इतकी बारीक की मोबाइलवर फोटो काढून, मोठा करून वाचावा लागला.

यंदा सप्टेंबरात आमच्याकडे अतिवृष्टी झाली. सोयाबीन पाण्यात उभं होतं. जे हाती लागलं ते ऑक्टोबरात मळणीयंत्रात घातलं, तेव्हा भुसकटाबरोबर बुरशीची काळी धूळ उडत होती. आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, वय 67, दोन दिवस त्या यंत्राच्या तोंडाशी उभे होते. तिसऱ्या रात्री नाक असं चोंदलं की भिंतीला टेकून, तोंडानं श्वास घेत त्यांनी रात्र बसून काढली. सकाळी मेडिकलमधून आपल्या चार गोळ्या आणल्या. चिठ्ठी कुणी मागितली नाही, बिल कुणी दिलं नाही. पट्टी कात्रीनं अशी कापली की नाव आमच्या हातात आलं आणि बॅच नंबर, मुदतीची तारीख दुकानातच राहिली. चार संपल्या, मग सहा आणल्या. अंग दुखायचं थांबलं, झोपही आली. नाक होतं तसंच बंद.

माझा भाचा लातूरला डी. फार्मसी करतो. दिवाळीत आला तेव्हा त्यानं अख्खी पट्टी मागून आणली आणि एकेक घटक मला वाचून दाखवला. पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम, क्लोरफेनिरामाइन 2, कॅफिन 30, फेनिलेफ्रिन 10. अंगदुखी पॅरासिटामॉलनं गेली, झोप क्लोरफेनिरामाइननं आणली. नाक मोकळं करायचं काम एकट्या फेनिलेफ्रिनकडे. सर्दीत नाक बंद होतं ते नुसत्या शेंबडानं नाही, आतल्या रक्तवाहिन्या फुगून सूज येते म्हणून. त्या आकसायच्या तर औषध रक्तातून नाकापर्यंत पोचायला हवं. तोंडानं घेतलेलं फेनिलेफ्रिन आतड्यात आणि यकृतातच मोडून जातं. काम करण्याच्या रूपात रक्तात पोचतं ते एक टक्क्याहूनही कमी.

हे तो मनचं सांगत नव्हता. अमेरिकेत औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीनं सप्टेंबर 2023 मध्ये यावर मतदान घेतलं. तोंडानं घ्यायचं फेनिलेफ्रिन नेहमीच्या मात्रेत बंद नाकावर चालतं असं 16 पैकी एकाही सदस्याला वाटलं नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये तिथल्या प्रशासनानं ते बिनचिठ्ठीच्या औषधांच्या यादीतून काढण्याचा प्रस्ताव मांडला. कारण धोका नव्हे, गुण येत नाही हे. नाकात मारायच्या फवाऱ्याबद्दल त्यांचा आक्षेप नाही, हेही मी नमूद करते, म्हणजे मी अर्धवट सांगितलं असं आपण म्हणायला नको. तिथल्या विद्यापीठातल्या औषधशास्त्राच्या जाणकारांनी 2007 मध्येच याबाबत अर्ज दिला होता. आपल्या कंपनीत शिकलेली माणसं आहेत. त्यांच्या कानावर हे आलं नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. आमच्या मेडिकलात आपलं पोस्टर आजही लटकतंय आणि त्यावर नाकाचं चित्र काढून ‘बंद नाक मोकळं’ लिहिलंय.

दहा गोळ्यांचे पैसे गेले, त्यासाठी मी हे पत्र लिहिलं नसतं.

भाचा बोलत होता ते मामा बाजेवर बसून ऐकत होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बीपीची गोळी बंद केली. मला आठ दिवसांनी कळलं, तेही डबीत गोळ्या जास्त दिसल्या म्हणून. विचारलं तर म्हणाले, “एक गोळी खोटी निघाली, दुसरी खरी कशावरून? दुकानदारानं दिली, तशी तू बी आणून द्यायलीस.” उपकेंद्रात नेलं. 178 आणि 104. आपल्या गोळीनं बीपी वाढलं असा माझा आरोप नाही. मात्र बीपीच्या माणसानं अशी गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये, हे त्यांना कोणी सांगितलं? पट्टीवर आहे म्हणाल, तर ते इंग्रजीत आहे आणि कापलेल्या तुकड्यावर नव्हतं.

घरोघर जाऊन “गोळी सोडू नका” म्हणणं हे माझं रोजचं काम आहे. बीपीची, टीबीची, गरोदर बायांची लोहाची. त्यात गेल्या महिन्यात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची बातमी आली. खोकल्याच्या औषधात डायएथिलिन ग्लायकॉल नावाचं विषारी रसायन निघालं, वीसहून जास्त लेकरं किडनी निकामी होऊन गेली. त्या बाटलीतही पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन हेच मिश्रण होतं. जीव भेसळीनं गेले, फेनिलेफ्रिननं नाही, हे मला समजतं. पण क्लोरफेनिरामाइन-फेनिलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्येच कळवलेलं होतं. तरी ते त्याहून लहान लेकरांच्या पोटात गेलं. आमच्या गल्लीतल्या एका बाईनं घरातल्या सगळ्या बाटल्या उकिरड्यावर रिकाम्या केल्या. त्यात मीच दिलेलं लोहाचं सिरपही होतं. मी समोर उभी होते. “ताई, तुम्ही शपथ घेऊन सांगता का ह्यात काही नाही म्हणून?” तिनं विचारलं. मला शपथ घेता आली नाही. तिची मुलगी दीड वर्षाची आहे, पापण्या आतून पांढऱ्या दिसतात, म्हणजे अंगात रक्त कमी आहे.

लोक सरकारवरही चिडलेत, आणि चिडू नये असं मी त्यांना सांगू शकत नाही. मार्च 2016 मध्ये 344 मिश्र औषधांवर, म्हणजे एकाच गोळीत किंवा बाटलीत दोन-तीन औषधं एकत्र केलेल्यांवर, बंदी आली, कोर्टकचेऱ्या होऊन सप्टेंबर 2018 मध्ये 328 वर, पुन्हा ऑगस्ट 2024 मध्ये 156 वर. त्यात सर्दीच्या गोळ्याही होत्या. बंदीच्या आदल्या दिवसापर्यंत हीच औषधं लोकांनी पैसे मोजून खाल्ली. परवाना कुणी दिला होता, हे विचारणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मी काय उत्तर देऊ? 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अशाच विषारी भेसळीनं 14 रुग्ण गेले आणि त्याच्या चौकशीला लेंटिन आयोगही बसला. तेच रसायन 2025 साली पुन्हा लेकरांच्या औषधात सापडतं.

आपल्याला माझं विचारणं असं आहे. या गोळीतल्या 10 मिलिग्रॅम फेनिलेफ्रिननं बंद नाक मोकळं होतं याचा काय पुरावा आपल्याकडे आहे, तो लेखी कळवा. पुरावा नसेल तर पोस्टर उतरवा आणि पट्टीवरून तो दावा काढा, सरकारनं बंदी घालायची वाट बघू नका. अंगदुखी-तापाची गोळी म्हणून विकायची तर तसं लिहून विका. सोबत जोडलेल्या झेरॉक्सवर बॅच नंबर आहे, त्या बॅचचा तपासणी अहवाल पाठवा. बीपीच्या रुग्णासाठीची सूचना आणि मुदतीची तारीख मराठीत, दोनच गोळ्या कापून दिल्या तरी वाचता येईल अशी छापा. गावात गोळ्या कापूनच विकल्या जातात, हे आपल्या विक्री प्रतिनिधींना चांगलं माहीत आहे.

पैसे परत नकोत. पत्राची प्रत मी अन्न व औषध प्रशासनाच्या लातूर कार्यालयालाही देत आहे.

मामांचं नाक मिठाच्या कोमट पाण्याचे थेंब घालून आणि धूळ थांबल्यावर आपोआप सुटलं. बीपीची गोळी त्यांनी परवापासून पुन्हा सुरू केली आहे, ती नातीनं हट्ट धरला म्हणून, माझ्या सांगण्यावरून नाही. आपलं उत्तर मराठीत पाठवा. मी ते त्यांना आणि त्या लेकराच्या आईला वाचून दाखवणार आहे.

आपली,
एक आशा सेविका

सोबत: गोळ्यांच्या पट्टीची दोन्ही बाजूंची झेरॉक्स, पोस्टरचा फोटो