आधी पत्र, मग पुस्तक

प्रिय बाळ,

गोष्ट साभार परत आल्याचं काल फोनवर सांगताना तुझा आवाज खाली गेला होता. आता तिच्यात थोडा बोध घालते, अवघड शब्द काढून टाकते, असं म्हणालीस. ते करण्याआधी हे पत्र वाच.

मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या आणि त्यांची चित्रंही स्वतः काढणाऱ्या बिअॅट्रिक्स पॉटर या इंग्रज लेखिकेबद्दल तुला सांगायचं कधीचं मनात होतं. १८६६ साली लंडनमधल्या सुखवस्तू घरात तिचा जन्म झाला. ती शाळेत कधी गेलीच नाही, घरी शिकवायला बाई येत. ती आणि तिचा धाकटा भाऊ आपल्या खोलीत ससे, उंदीर, वटवाघळं पाळत आणि तासन्‌तास त्यांची चित्रं काढत बसत. त्या शिकवणाऱ्या बाईंपैकी एकीचं पुढे लग्न झालं, मुलं झाली. थोरला नोएल पाच वर्षांचा असताना आजारी पडला. ४ सप्टेंबर १८९३ ला बिअॅट्रिक्सने त्याला पत्र लिहिलं. तुला काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून चार सशांची गोष्ट सांगते, अशी सुरुवात केली आणि ओळींच्या मध्ये चित्रं काढत गेली. दुसऱ्या दिवशी त्याच्या भावाला एका बेडकाची गोष्ट पाठवली.

पुस्तकाचा विचार त्यात कुठेच नव्हता. तापलेल्या एका मुलाचा दिवस बरा जावा, एवढंच तिला हवं होतं. नोएलने ते पत्र जपून ठेवलं, आणि सात वर्षांनी तिने ते त्याच्याकडून उसनं मागून घेतलं. 'पीटर रॅबिट' हे पुस्तक त्या पत्रातून झालं.

ते सहज छापलं गेलं असं समजू नकोस. प्रकाशकांमागून प्रकाशकांनी नकार दिला. मोठ्या आकाराचं पुस्तक करा असा आग्रह झाला, तर तिने तो मानला नाही. छोट्या हातांत मावेल असंच पुस्तक तिला हवं होतं, आणि एका पुस्तकासाठी सहा शिलिंग छोट्या सशांना कसे परवडणार, असं तिचं म्हणणं होतं. शेवटी डिसेंबर १९०१ मध्ये तिने स्वतःच्या पैशांनी २५० प्रती छापल्या. त्यानंतर, १९०२ साली, फ्रेडरिक वॉर्न कंपनीने ते रंगीत चित्रांसह काढलं.

आता बोधाचं आणि अवघड शब्दांचं. पीटर या सशाचा बाप मॅकग्रेगर नावाच्या माणसाच्या बागेत सापडला आणि मॅकग्रेगरबाईंनी त्याला शिजवलं, हे ती अगदी सुरुवातीलाच सांगून टाकते. रडारड नाही, उपदेश नाही. १९०९ च्या एका गोष्टीत सशांना सॅलडची पानं खाऊन गुंगी येते, तिथे तिने 'सोपोरिफिक' (झोप आणणारं) हा भारदस्त शब्द खुशाल वापरला. पहिलीच्या वर्गाला गोष्टी वाचून दाखवताना मी हे वर्षानुवर्षं पाहिलं आहे: न कळलेला शब्द मुलं जिभेवर घोळवतात, दिवसभर म्हणत फिरतात. बोध आला की मात्र चुळबुळ सुरू होते.

तिच्या वाट्याला दुःखही आलं. प्रकाशकाच्या घरातल्या नॉर्मन वॉर्नशी तिचं लग्न ठरलं, आईवडिलांचा विरोध असूनही तिने होकार दिला. महिनाभरातच, ऑगस्ट १९०५ मध्ये, तो गेला. त्याच वर्षी तिने इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगर-तळ्यांच्या भागातलं हिल टॉप हे शेत घेतलं. ते घर, ती बाग, तो परिसर तिच्या पुढच्या पुस्तकांमध्ये सारखा दिसतो. उतारवयात ती लेखनापेक्षा मेंढ्यांतच रमली. १९४३ मध्ये ती गेली तेव्हा १४ शेतं आणि चार हजार एकरांहून अधिक जमीन निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन गेली. तिथला निसर्ग टिकला त्यात तिचा मोठा वाटा आहे. मला तिचं हे कामही पुस्तकांइतकंच मोठं वाटतं.

तुझी गोष्ट मी दोनदा वाचली. भाच्याला कांजिण्या आल्या होत्या तेव्हा तू त्याच्या उशाशी बसून सांगितलेली गोष्ट ती हीच, पण कागदावर तिच्यातली खार गप्प झाली आहे. त्या रात्री ती खार उद्धट होती, खोटं बोलत होती, आणि तो "मग? मग?" करत होता. लिहिताना तू तिला शहाणी केलीस, कारण समोर तो नव्हता, 'बालवाचक' होता.

सध्या ते हस्तलिखित बाजूला ठेव. भाच्याला पत्र लिही, हाताने, खारीच्या चित्रांसकट. खारीचं पुढे काय झालं ते तो मला अजून विचारतो. पत्र पोस्टात टाकण्याआधी त्याची एक प्रत मात्र स्वतःजवळ ठेव.

तुझी,
आई